शेवटच्या कडव्यातलं नाव

लहानपणी मला वाटायचं, वामन हा गाण्यातलाच कुणी माणूस असावा. एप्रिल उजाडला की आमच्या वस्तीत निळ्या पताका लागायच्या, समाजमंदिरासमोर मांडव पडायचा, खांबाला भोंगा बांधला जायचा आणि चौदा तारखेपर्यंत रोज पहाटेपासून गाणी सुरू व्हायची. गाणारे आवाज वेगवेगळे असत. कधी प्रल्हाद शिंदे यांचा खडा सूर, कधी एखाद्या बाईचा उंच पट्टीतला, काळीज हलवणारा आवाज, कधी आमच्याच गल्लीतली गायन पार्टी. पण गाणं शेवटच्या कडव्यावर आलं की तिथं वामन हजर. कधी तो बाबासाहेबांशी बोलायचा, कधी आम्हा लोकांना बजावायचा, कधी नुसता हात जोडून उभा राहायचा. एकदा आजीला विचारलं, हा वामन कोण? ती म्हणाली, "अरे, त्यानंच केलंय ते गाणं." गाणं कुणीतरी करावं लागतं, ते आपोआप उगवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

हे पुस्तक त्या वामनचं आहे. लोकांनी त्यांना वामनदादा म्हटलं, लोककवी म्हटलं, पुढं महाकवी म्हटलं. वामनदादा कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, देशवंडी या गावी झाला आणि 15 मे 2004 रोजी नाशिकमध्ये त्यांनी देह ठेवला. साठ वर्षं हा माणूस गाणी करत राहिला, चाली लावत राहिला, गात राहिला आणि जो मागेल त्याला आपली गाणी देत राहिला. मागं हजारो गाणी राहिली. त्यातली थोडीच त्यांच्या हयातीत पुस्तकात आली. बाकीची वह्यांमध्ये, कागदाच्या चिटोऱ्यांवर आणि सगळ्यांत जास्त लोकांच्या गळ्यात राहिली. गळ्यात राहिलेल्या गाण्यावर मालकाची खूण एकच: शेवटच्या कडव्यातलं ते नाव.

ही नाममुद्रेची रीत आपल्याकडं जुनी आहे. नामदेवांच्या, तुकोबांच्या, चोखोबांच्या अभंगांत ती आहे, जनाबाईंच्या ओळींत आहे, शाहिरांच्या लावणी-पोवाड्यांत आहे. ज्यांच्यापाशी छापखाना नव्हता, ज्यांना आपलं लिखाण जपून ठेवण्याची सोय नव्हती, त्यांनी आपलं नाव गाण्याच्याच आत विणून ठेवलं. गाणं जाईल तिथं नाव जाईल. वामनदादांनी ही रीत संतांकडून आणि शाहिरांकडून घेतली. पण त्यांच्या बाबतीत तिला आणखी एक अर्थ आहे. ज्या माणसाला विशीत येईपर्यंत स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यानं ते हजारो गाण्यांत लिहिलं.

देशवंडीतलं घर कष्टाचं. वडील तबाजी हेडी होते, म्हणजे गुरांची खरेदी-विक्री करणारे, आई सईबाई. शेती होती, तरी ती पावसाच्या भरवशावरची. उन्हाळ्यात लाकडं तोडायची, मोळ्या वखारीत नेऊन विकायच्या, त्यावर घर चालायचं. शाळेची पायरी वामनच्या वाट्याला आली नाही. आलं ते गाणं. जात्यावरच्या ओव्या, भजन, गावच्या तमाशातली गवळण आणि वग, सवाल-जवाब, लग्नातली आणि मर्तिकातली गाणी. ज्या समाजात तो जन्मला, त्या समाजाच्या हाती गावगाड्यानं हलगी आणि डफ दिले होते आणि गावकुसाबाहेरची जागा दिली होती. वाद्य त्यांचं, वाजवण्याचा हक्कही त्यांचा, मान मात्र त्यांचा नव्हता. लय लहानपणीच अंगात मुरली होती. तिच्यातून काय म्हणायचं, ते मुंबईनं शिकवलं.

तरुणपणी ते मुंबईत आले आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले. ब्रिटिश सरकारनं 1920 च्या दशकात उभारलेल्या या चाळींमध्ये गिरणीतला, गोदीतला, रेल्वेतला कामगार दाटीवाटीनं राहायचा. एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं आणि वर गावाकडून आलेला पाहुणा. वामनदादांनी पडेल ते काम केलं. खडी फोडली, मातीच्या पाट्या वाहिल्या, कोळशाच्या वखारीत राबले, गिरणीत गेले, आइसफ्रूट विकलं. त्याच दिवसांत ती घटना घडली जिनं त्यांचं आयुष्य वळवलं. कुणीतरी एक पत्र आणून हातात दिलं आणि म्हणालं, जरा वाचून दाखवा. कपड्यांवरून त्या माणसाला वाटलं असेल, हा शिकलेला आहे. वामनदादांना एकही अक्षर ओळखता येईना. त्या लाजेनं त्यांना रडू कोसळलं.

ही आठवण ते पुढं अनेकदा सांगत. रडून ते थांबले नाहीत. समता सैनिक दलात देहलवी नावाचे मास्तर होते. त्यांच्याकडून त्यांनी मुळाक्षरं आणि बाराखडी शिकून घेतली. जोडाक्षरांचं काय? ती त्यांनी दुकानांच्या पाट्यांवरून शिकली. चालता चालता पाटी वाचायची, अडलं तर थांबायचं, जुळवायचं, पुढच्या पाटीकडं जायचं. हा प्रसंग मला नेहमी डोळ्यांपुढं दिसतो. दिवसभर पाट्या वाहणारा माणूस संध्याकाळी दुकानांच्या पाट्या वाचतोय. मराठीचा एक मोठा गीतकार शिवडी-परळच्या रस्त्यांवर तयार होत होता आणि तिथून जाणाऱ्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

पहिलं गाणं त्यांनी 3 मे 1943 रोजी केलं. ते होतं एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचं विडंबन. गंमत म्हणून केलेलं. चाळीतली माणसं हसली, दाद दिली आणि आपल्याला हे जमतंय याची त्यांना खात्री पटली. त्याच वर्षी नायगावला त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पहिल्यांदा पाहिलं, ऐकलं. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. सूट घातलेला, ताठ मानेनं बोलणारा आपला माणूस त्या हजारो डोळ्यांनी पाहिला, त्यांत वामनदादांचे दोन डोळे होते. गंमत म्हणून सुरू झालेल्या गाण्याला त्या दिवशी काम मिळालं. पुढची साठ वर्षं ते काम संपलं नाही.

या वाटेवर ते पहिले नव्हते. 1873 मध्ये महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्या चळवळीतून सत्यशोधक जलसे निघाले. तमाशाचा घाट तोच, आतला माल नवा. गणात गणपतीऐवजी निर्मिकाला वंदन, वगात राजाराणीऐवजी शेतकरी, भटजी आणि सावकार. 1930 च्या आसपास आंबेडकरी जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक यांचं नाव त्यात अग्रभागी येतं. आडनाव एकच असलं तरी ते वेगळे आणि वामनदादांच्या आधीचे. वाचकानं ही गल्लत करू नये. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह, येवल्याची घोषणा या सगळ्या घटना ज्या माणसांपर्यंत वर्तमानपत्रातून पोहोचू शकत नव्हत्या, त्यांच्यापर्यंत त्या ढोलकी-तुणतुण्यावर पोहोचल्या. जलशाला रंगमंच लागायचा, दहा-बारा माणसांचा ताफा लागायचा, सोंगं लागायची. वामनदादांनी हा सारा पसारा एका गाण्यात आटोपला. एक माणूस, एक पेटी, एक ढोलकी, पाठीमागं झील धरणारे दोघे. नाही तर नुसती दिमडी. तेवढ्यावर रात्र निघायची.

त्यांच्या कामाचं मर्म चालीत आहे, म्हणून त्यावर थोडं थांबलं पाहिजे. संगीतकार म्हटलं की आपल्याला स्वरलिपी, वाद्यवृंद, ध्वनिमुद्रणाची खोली आठवते. वामनदादांकडं यातलं काही नव्हतं. ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून काय आहे, याची मोठी जाण मात्र त्यांच्याकडं होती. ओवीची चाल बायकांच्या कानात होती. पाळण्याची चाल प्रत्येक घरात होती. भजनाचा ठेका वारकरी वळणाच्या गावांत होता, कव्वाली मुंबईच्या मोहल्ल्यांतून आली होती, चित्रपटाची चाल इराण्याच्या हॉटेलातून. ओळखीच्या चालीवर नवे शब्द आले की ऐकणारा चाल शिकण्यात वेळ घालवत नाही. त्याचं सगळं ध्यान शब्दांकडं जातं. दुसऱ्या कडव्याला तो धृपद म्हणू लागतो, तिसऱ्याला टाळी धरतो आणि घरी जाताना गाणं त्याचं झालेलं असतं. यासाठी शब्द मात्रेत चोख बसावा लागतो. श्वास कुठं सुटतो, ढोलकीची सम कुठं येते, कोणत्या अक्षरावर आवाज लांबवता येतो, हे ओळ करतानाच ठाऊक असावं लागतं. वामनदादांची ओळ वाचताना साधी वाटते. ती गाऊन पाहिली की कळतं, त्यातलं एकही अक्षर हलवता येत नाही.

कव्वालीचा सामना हा तर त्या काळातला मोठा सोहळा. दोन पार्ट्या समोरासमोर, मध्यरात्र उलटलेली, एकानं गाण्यातून कोडं टाकायचं, दुसऱ्यानं गाण्यातूनच ते सोडवायचं. विषय इतिहासाचा, बुद्धाच्या चरित्राचा, संविधानाचा. तमाशातल्या सवाल-जवाबाचं हे नवं रूप. रात्रभर जागून लोक जे ऐकत, ते एका अर्थानं रात्रीची शाळाच होती. शाळेची पायरी न चढलेला माणूस त्या शाळेचा मास्तर झाला.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. लाखो माणसांनी जुने देव सोडले होते, जुनी गाणी सोडली होती. जन्माला, लग्नाला, मरणाला आता काय गायचं? घर रिकामं करून नवं भरायचं होतं. वामनदादांच्या पिढीनं ते भरलं. बारशाला भीमाचा पाळणा आला, लग्नात बुद्धाचं नाव आलं, बायकांच्या ओव्यांत रमाई आली. रमाबाईंवरची त्यांची गाणी ऐकताना बायका पदर डोळ्यांना लावत. गोवऱ्या थापणारी, पोरं गमावलेली, नवरा परदेशी असताना घर सांभाळणारी ती बाई त्यांना आपल्या शेजारची वाटे. थोरामोठ्यांची आरती करणारे पुष्कळ असतात. वामनदादांनी थोरांना चुलीपाशी आणून बसवलं.

त्यांची गाणी नुसत्या स्तुतीची आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती नीट ऐकलेली नाहीत. आंबेडकरी चळवळीत गट पडले, पुढारी एकमेकांना पाण्यात पाहू लागले, तेव्हा सगळ्यांत बोचरे प्रश्न कुणी विचारले असतील तर ते वामनदादांनी. तुझ्या विचारांचे खरे अनुयायी किती, हा प्रश्न त्यांनी थेट बाबासाहेबांना उद्देशून गायला आणि समोर बसलेल्या जयंतीच्या गर्दीनं तो खाली मान घालून ऐकला. आपल्याच माणसांना आरसा दाखवायचा आणि तरी त्यांच्याच हातचं जेवायचं, हे धैर्य सोपं नाही. तसंच त्यांचं संपत्तीच्या वाटणीवरचं गाणं. देशातल्या मोठ्या उद्योगपतींची घराणी नावानिशी घेऊन ते विचारतात, धनाच्या साठ्यातला आमचा वाटा कुठं आहे? खडी फोडलेल्या हातांना हा प्रश्न पुस्तकातून शोधावा लागला नव्हता. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानं मुंबईच्या कामगाराला वर्गाची भाषा दिली. वामनदादांच्या गाण्यात जात आणि भाकरी एकाच ओळीत बसतात, कारण त्यांच्या आयुष्यात त्या कधी वेगळ्या नव्हत्या.

घरचं सुख त्यांना फारसं लाभलं नाही. पहिला संसार टिकला नाही, लहान मुलगी गेली. त्या दुःखावर त्यांनी फार बोलून दाखवलं नाही. पण आई, लेक, ताटातूट यांवरच्या त्यांच्या ओळींत एक ओल आहे, ती कुठून आली हे समजतं. माणूस एकटा पडला आणि सगळ्या महाराष्ट्राचा दादा झाला. गावोगाव कुणाच्याही घरी उतरावं, असेल ते खावं, रात्री गावं, सकाळी पुढची गाडी धरावी. प्रेमाची, शृंगाराची, शेतशिवाराची गाणीही त्यांनी लिहिली. 1959 साली आलेल्या आणि अफाट गाजलेल्या 'सांगत्ये ऐका' या चित्रपटातही त्यांचं गीत आहे. ती वाट धरली असती तर चार पैसे गाठीला राहिले असते. ती त्यांनी धरली नाही.

आता थोडं कटू बोलायला हवं. वामनदादांची गाणी आधी छोट्या पुस्तिकांतून फिरली. चैत्यभूमीवर, दीक्षाभूमीवर, जयंतीच्या मैदानात काही आण्यांना मिळणाऱ्या, पातळ कागदाच्या, पिशवीत घडी पडणाऱ्या त्या पुस्तिका. मग ध्वनिफिती आल्या. गाणं घराघरांत गेलं, गाणाऱ्यांची नावं झाली. पण वेष्टनावर गीतकाराचं नाव बारीक अक्षरांत असायचं, कित्येकदा नसायचंही. कुणी 'पारंपरिक' म्हणून लिहून टाकायचं. आमच्या घरातल्या एका फितीवर वामनदादांच्या गाण्यापुढं दुसऱ्याच कुणाचं नाव छापलेलं होतं. मी ते पेनानं खोडून वर 'वामन' लिहिलं होतं. त्या वयात तेवढंच हातात होतं. ज्यानं लाखो लोकांना स्वाभिमान दिला, त्याच्या पदरात त्या गाण्यांचं मोल फारसं पडलं नाही.

मराठी साहित्यानंही त्यांच्याकडं बराच काळ पाहिलं नाही. 1960 नंतर दलित साहित्य उभं राहिलं, गाजलं, त्याच्या अनुवादांची चर्चा झाली. पण त्या चर्चेत गाणं मागं राहिलं. कविता म्हणजे छापलेली, मुक्तछंदातली. गाणं म्हणजे प्रचार, अशी एक वाटणी नकळत होऊन बसली. 'लोककवी' हा शब्द जनतेनं मायेनं दिला होता, समीक्षेनं तो बाजूला बसवण्यासाठी वापरला. 'वाटचाल' हा त्यांचा संग्रह 1973 मध्ये आणि 'मोहोळ' 1976 मध्ये आला. 1993 मध्ये वर्ध्याला भरलेल्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना दिलं गेलं, तेव्हा ते सत्तरी ओलांडून गेले होते. दलित कवींच्या ज्या पिढीनं कागदावर आग ओतली, तिच्या कानांवर लहानपणी हीच गाणी पडली होती. आपल्या दुःखाला शब्द असू शकतो, तो चारचौघांत मोठ्यानं म्हणता येतो, हा पहिला धडा भोंग्यावरून मिळालेला होता. झाडाची फळं मोजताना मुळाकडं पाहायचं राहून गेलं.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकाला एक विनंती आहे. इथली गाणी डोळ्यांनी वाचून पान उलटू नका. कागदावर गाणं मुकं असतं. टेबलावर बोटांनी ठेका धरा, ओठांतल्या ओठांत का होईना, गुणगुणा. चाल ठाऊक नसेल तर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्यांना ती ठाऊक असेल, आणि चालीबरोबर एखादी आठवणही निघेल, कोणत्या साली, कोणत्या मैदानात, कुणाच्या आवाजात ऐकली त्याची. एकाच गाण्याचे दोन पाठ आढळले तर गोंधळू नका. गळ्यातून गळ्यात जाताना शब्द थोडे झिजतात, थोडे नवे चिकटतात. नदीतल्या गोट्याला गुळगुळीतपणा असाच येतो. जीवनचरित्र आणि गाणी या पुस्तकात एकत्र आहेत, कारण वामनदादांच्या बाबतीत ती वेगळी करताच येत नाहीत. आयुष्य वाचताना गाणं ऐकू येतं आणि गाणं ऐकताना पाट्या वाचत निघालेला तो तरुण दिसतो.

2004 चा मे महिना संपायच्या आत वामनदादा गेले आणि जून संपायच्या आत प्रल्हाद शिंदे गेले. शब्द गेला आणि पाठोपाठ त्याला गावोगाव नेणारा आवाज गेला. गाणं मात्र थांबलं नाही. आज कडूबाई खरात एकतारी घेऊन बाबासाहेबांना गातात आणि मोबाइलवर लाखो माणसं ऐकतात. कॉलेजातली पोरं गिटारवर आणि रॅपच्या ठेक्यावर आंबेडकरी गाणी म्हणतात. वामनदादांना याचं वाईट वाटलं नसतं. त्यांनी स्वतः चित्रपटाची चाल घेतली, कव्वाली घेतली, जे लोकांच्या कानात होतं ते घेतलं. वाद्य बदलेल, चालही बदलेल.

एका गोष्टीनं मात्र मन खट्टू होतं. अलीकडच्या मिरवणुकांत गाणं पुरतं वाजत नाही. धृपद, एक कडवं, पुन्हा धृपद, आणि लगेच पुढचं गाणं. वेळ कमी, आवाज मोठा. त्यात कापलं जातं ते नेमकं शेवटचं कडवं. नाचणाऱ्या पोरांना कळतच नाही की पुढं अजून एक कडवं होतं आणि त्यात एक माणूस उभा होता. पत्र वाचता आलं नाही म्हणून रडलेल्या, दुकानांच्या पाट्यांवरून जोडाक्षरं शिकलेल्या त्या माणसानं आपलं नाव ठेवायला हीच एक जागा निवडली होती. त्यानं दुसरं काही मागितलं नाही. तेव्हा हे पुस्तक मिटल्यावर कधी त्यांचं गाणं गाल, तर ते शेवटच्या कडव्यापर्यंत गा. तिथं वामन भेटतो.